रिकाम्या बाजूचं नाव

दर्शू,

परवा दुपारी काही काम नसताना करंजाड्याला गेले. तुझ्या बिल्डिंगसमोर रिक्षा थांबवली आणि आत तशीच बसून राहिले. रिक्षावाला म्हणाला, "उतरताय ना मॅडम?" मी म्हटलं, "थांबा जरा." थांबला बिचारा. तुझ्या खिडकीला अजून ती निळी ताडपत्री आहे, पावसाळ्यात लावलेली आणि नंतर काढायचा कंटाळा केलेली. ऊन असं पांढरंफटक पडलं होतं की वरचे मजले हवेत विरघळल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, तू आत आहेस. खुर्चीत पाय वर घेऊन बसली आहेस, आणि मी वर आले तर दार उघडायच्या आधीच आतून ओरडशील, "आधी माझ्या कमेंटला उत्तर दे, मग चहा." हे मला खरंच वाटलं, उगाच लिहायचं म्हणून लिहीत नाही. मग रिक्षा फिरवून खांदा कॉलनीत घरी आले.

लोक तुझ्याबद्दल लिहितात ते वाचते आहे. कुठल्या कुठल्या देशांतून लिहितात. तिने माझा कोडमधला पहिला बदल तपासला, तिने मला किती सांभाळून घेतलं. सांभाळून? तू? माझा पहिला बदल तू परत पाठवलास तेव्हा त्याखाली एकच शब्द लिहिला होतास. 'का?' बस. मी आठवडाभर धुसफुसत होते. हे सगळे कोणत्या दर्शनाबद्दल बोलतात तेच मला कळत नाही. गेलेल्या माणसाला लोक लगेच इस्त्री करून ठेवतात, तसं तुझं करायला लागलेत, आणि मला ते मुळीच आवडत नाहीये.

तेव्हा आपण एकमेकींना ओळखतही नव्हतो. नेटवर तू 'खारफुटी' होतीस आणि मी 'अर्धविराम'. सगळं इंग्रजीत चालायचं. खारफुटी म्हणजे कुणीतरी दाढीवाला बाप्या, थंड देशात राहतो आणि त्याला दुसरं काही काम नाही, अशी माझी समजूत. एका दुपारी आपली चांगलीच जुंपली होती. शब्दाला शब्द लागत होता आणि मध्येच मी लिहिलं, थांब, लाईट गेली आहे, लॅपटॉप कधीही बंद पडेल. तू लिहिलंस, माझ्याकडेही गेली. मी विचारलं, तुझ्याकडे म्हणजे कुठे? तू लिहिलंस, पनवेल. मीही पनवेलचीच. मग मोबाईलवरून मराठीत विचारलं, 'पनवेलात कुठे? हा माझा नंबर.' अर्ध्या तासात तुझा फोन आला. लाईट येईपर्यंत आपण बोलत होतो, आणि आली तेव्हा भांडण कशावरून चाललं होतं ते मला आठवेना. तू मात्र वर जाऊन वाचलंस आणि जिथे सोडलं होतंस तिथून पुन्हा सुरू केलंस.

पहिल्यांदा तुझ्या आईकडे उरणला आले त्या दिवसाची एक गोष्ट सारखी डोळ्यांसमोर येते. आई बाजारातून मासळीची पाटी रिकामी करून आल्या होत्या, दारात पाय धुत होत्या. मला म्हणाल्या, "तुमी दोघी करता तरी काय गो? ही मला नीट सांगत नाय."

"कोड लिवतो, आये," तू म्हणालीस.

"ते म्हायतीय मला. पन दोघी मिलून कशाला? येकलीला येत नाय?"

मी हसत सुटले. तू गंभीर होऊन सांगायला बसलीस. "आये, एकच गोष्ट दहा जनी लिवतात. कोन कुठं, कोन कुठं. जो तो आपली कॉपी घेतो, तिच्यात सुधारतो आनि पाठवतो. त्या सगल्या कॉप्या आमचा सांधा जोडतो."

"आनि दोघींनी एकाच जाग्याला हात घातला तर?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "त्याच्यावरच तर भांडतो आमी."

आईंना एवढं पुरलं. पण त्यांच्या दारात बसून मलाच पहिल्यांदा नीट कळलं की आपण काय करतो. जगभरची माणसं नोकऱ्या सांभाळून, पोरं झोपवून, एक पैसा न घेता मिळून सॉफ्टवेअर लिहितात. ते कुणाच्या मालकीचं नसतं आणि कुणीही वापरावं. ही माणसं एकमेकांना भेटत नाहीत, बहुतेकदा चेहराही माहीत नसतो. तरी त्यांचं काम एकमेकांत बसावं लागतं. ते बसवून देणारं अवजार म्हणजे आपला 'सांधा'. आपला म्हणते, पण मुळात तुझा. बंदरावरच्या ऑफिसात दिवसभर कंटेनरच्या नोंदी करून आल्यावर तू तो एकटीने सुरू केलास. मी मागून आले आणि खुसपटं काढत राहिले.

आपलं मोठं भांडण आईंच्या त्या प्रश्नाचंच होतं. वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर ते किती रविवार चाललं असेल. दोन माणसांनी नकळत एकच ओळ बदलली तर सांध्याने काय करावं? मी म्हणायचे, जो नंतर आला त्याचं ठेवावं, आधीच्याचं बाजूला जपून ठेवावं आणि पुढे जावं. लोक चोरून काढलेल्या वेळात काम करतात, त्यांना अडवू नये. तू म्हणायचीस, अडवावं. तिथेच थांबावं, दोघांची नावं समोरासमोर दाखवावीत, दोघांनी का बदललं ते दाखवावं, आणि ती दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे सरकूच नये.

"म्हणजे तू यंत्राला भांडणं लावायला शिकवतेस," मी म्हणायचे.

"आणि तू यंत्राला न्यायाधीश करतेस."

"लोकांना बोलायला वेळ नसतो, दर्शू. सगळे तुझ्यासारखे तोंडाळ नसतात."

"वेळ नाय म्हनून तर मानसं सोडून जातात!" चिडलीस की तू उरणची व्हायचीस. "एक दिवस बगतो तर आपली ओळ गायब. कोनी विचारला पन नाय. परत येल का तो?"

भजीवाला आपल्याकडे संशयाने बघायचा. दोन बायका तावातावाने बोलतात आणि भाषा कळते तरी विषय कळत नाही, असं त्याला वाटत असणार. तळ्यावर ऊन कलायला लागलं की तू पाण्याकडे बघत म्हणायचीस, "चल, पुढच्या रविवारी हरवते तुला." मला ते पुढचे रविवार कायमचे आपलेच आहेत असं वाटायचं. सगळ्यात जास्त कृतज्ञता मला त्याच कट्ट्याची वाटते. माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी माझ्याशी इतक्या मनापासून वाद घातला नाही. बाकीचे कंटाळून हो म्हणतात.

शेवटी तू बोलत बसली नाहीस, तुझ्या पद्धतीने कोड लिहून पाठवलास. आणि तो तपासायला आला माझ्याकडे. मी त्याच्यावर हरकत लावली. आपल्या सांध्याचे नियम तूच लिहिलेस, त्यातला पहिलाच: ज्याचा हात बदलात आहे त्याचा होकार चालत नाही. होकार दुसऱ्याचाच हवा, आणि त्याच्याखाली कारण हवं. 'छान आहे' हे कारण नाही असंही तू कंसात लिहून ठेवलंयस. त्यामुळे मी हरकत काढेपर्यंत तुझा बदल दारात उभा. तुला त्याचा राग नव्हता. उलट कुणी मला सांगितलं की दर्शना एवढी मागे लागली आहे तर देऊन टाक होकार, तर तू त्यालाच झापलंस आणि मला म्हणालीस, "माझं मन राखायला होकार देऊ नकोस हां, मेधा. मला कळेल."

आणि मग ताप आला. साधाच वाटला. मी फोन केला तर म्हणालीस, पडल्या पडल्या कोड बघतेय, डोकं दुखतं म्हणून एकेक ओळ बघतेय. मी ओरडले की झोप. ते शेवटचं बोलणं. झोप म्हटलं मी तुला. त्याच्यावर मी रोज विचार करते आणि त्यातून काही निघत नाही.

तू गेल्यावर तुझा बदल तसाच दारात राहिला. तुझा बॉट आठवतो ना, 'झाडू'? ज्या बदलांकडे आठवडाभर कुणी फिरकत नाही ते आपोआप बंद करून टाकणारा? तूच लिहिलास, हौसेने. तर हा तुझा झाडू एका सकाळी तुझ्याच बदलाखाली लिहून गेला, 'नमस्कार दर्शना, या बदलावर आठवडाभरात हालचाल नाही. रविवारपर्यंत उत्तर न आल्यास तो बंद केला जाईल.' मी चहाचा कप हातात घेऊन ते वाचलं आणि मला हसू आलं, आणि मग हुंदका आला. तुला नमस्कार करतो गं तो अजून.

दीपालीने लगेच निरोप पाठवला. आपली जोरहाटची दीपाली, जिला आपण फक्त व्हिडिओवर पाहिलंय. तिने लिहिलं, मेधा, तू म्हणशील तर मी तुझी हरकत बाजूला सारून दर्शनादीचं काम आत घेते, तसा अधिकार आहे मला, कुणी नाव ठेवणार नाही. किती भली आहे ती. पण मी नको म्हटलं. हरकत माझी आहे. ती माझ्या हातून निघाली तर निघेल. पण निघणार कशी? मला तुझं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं आणि तू गेलीस म्हणून ते एकदम पटण्यासारखं झालं नाही. रडून होकार दिला असता तर तुला कळलं असतं. आणि नकार दिला असता तर तुझं शेवटचं काम तुझ्याच झाडूने लोटून दिलं असतं. मी दोन्हीकडून अडकले होते.

दहाव्याला उरणला गेले. बसमध्ये डोळा लागला. रस्त्याच्या कडेला मिठागरांचं पाणी होतं, त्यात आभाळ उतरलं होतं, आणि झोपेत ते पाणी म्हणजे तुझ्या लॅपटॉपचा पांढरा पडदा झाला. तू त्याच्या कडेकडेने चालत होतीस, साडी वर खोचून, आईंसारखी. मी हाक मारत नव्हते. झोपेतही मला वाटत होतं की हाक मारली तर तू उत्तर देशील आणि तुझा तोल जाईल. एक विमान अगदी खालून गेलं, त्या आवाजाने जागी झाले तर बाजूची बाई म्हणाली, "उरन आला, ताई." माझा चेहरा ओला होता. तिने स्वतःची पिशवी सावरून मला जायला वाट दिली.

आईंनी मला आत बसवलं. खूप माणसं होती. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "तिचा काय काम ऱ्हायलाय का गो तुज्याकडं?"

मी म्हटलं, "हो, आई. एक आहे. माझ्यामुळे अडलंय."

"तसा ठेवू नको. हाय तर हाय सांग, नाय तर नाय सांग. लटकलेला तिला आवडायचा नाय."

त्या लगेच उठून पुढच्या माणसाकडे गेल्या.

रविवारी सकाळी बसले. तू सांगायचीस तसं, कारण आधी आणि मत नंतर. मी तुझा कोड पहिल्यापासून वाचला, जणू खारफुटी नावाच्या कुणा अनोळखी बाप्याचा आहे. नेहमीसारखी माझ्या मशिनवर उतरवलेली प्रत होती, तुझ्या आजारपणाच्या आधीची. वाचताना तुझा आवाज येत होता. ही पोरगी नावं किती लांबलचक ठेवते, असं पुटपुटलेही. बाहेर कॉलनीत कुणीतरी गाद्या वाळत घालून झोडत होतं, तो धपधप आवाज, आणि मी तुझ्या ओळींमधून चालले होते. खरं सांगू? तू गेल्यानंतर पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं. तुझ्याबरोबर रविवार घालवत होते.

आणि मग बग सापडला. एकाने ओळ बदलली आणि दुसऱ्याने तीच ओळ पुसून टाकली, असं झालं की एक बाजू रिकामी येत होती. दोन्ही बाजूंना काहीतरी आहे असं धरून तू लिहिलं होतंस. रिकामी बाजू आली की सगळं कोसळायचं. मी तीनचारदा चालवून बघितलं, दर वेळी कोसळलं. सवयीने कमेंटच्या चौकटीत लिहिलं, 'दर्शू, इथे बघ' आणि तिथेच थांबले. पाठवायचं कुणाला?

मग मीच हात घातला. एकच ओळ. रिकामी बाजू आली तर ती सोडून दे आणि पुढे जा. चाललं, कोसळलं नाही. पण ते चालल्यावर लक्षात आलं की मी काय केलं. आता बदलात माझाही हात होता, म्हणजे माझा होकार चालणार नव्हता. दीपालीला द्यावा लागला असता. दर्शू, खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. आपला वाद न मिटता तसाच राहील, दोघींची नावं एकाच बदलावर येतील आणि पटलं की नाही हे मला कुणी विचारणार नाही.

माझी ओळ तुझ्या कामाला जोडायला सांधा चालवला. चाचणीसाठी मी तुझाच सांधा लावलेला होता, तुझ्या पद्धतीचा, अडवणारा. आणि तो अडला.

मला वाटलं, अजून एक बग. पण नाही. तापात पडल्या पडल्या तू एकेक ओळ बघत होतीस ना, त्यात तुला हेच सापडलं होतं आणि तू दुरुस्त करून सर्व्हरवर पाठवलं होतंस. ते माझ्या प्रतीत नव्हतं. त्या दिवसांत मी काहीच उघडून बघितलं नव्हतं. म्हणजे आपण दोघींनी, तू तिथे आणि मी इथे, तीच ओळ बदलली होती. पडद्यावर दोन रकाने आले. डावीकडे तू, उजवीकडे मी. माझ्या रकान्यात: रिकामी बाजू सोडून पुढे जा. कारण: कोसळतं म्हणून. तुझ्या रकान्यात: बाजू रिकामी असली तरी तिथे त्या माणसाचं नाव आणि त्याचं कारण दाखव. आणि त्याच्याखाली तुझं कारण, 'मेधा इथे बोट ठेवणारच. ती ठेवायच्या आधी.'

खाली सांध्याची ओळ लुकलुकत होती: 'दोघींनी इथे हात लावला आहे. आधी बोला.'

 गाद्या झोडणं थांबलं होतं. मी तुझ्या नावाकडे बघत बसले होते आणि मला पुढे जाता येत नव्हतं. माझी पद्धत असती तर? नंतर आलेलं ठेवलं असतं, म्हणजे माझं. तुझी ओळ कुठेतरी बाजूला जपून पडली असती आणि मी ती कधीच वाचली नसती. तू माझी वाट बघत होतीस हे मला कळलंही नसतं. मी चुळबुळ केली, मोठ्याने म्हटलं, "हे बरं नाही हां, दर्शू," रडले, आणि मग तुझ्याशी बोलायला लागले. लाईट गेली होती तिथपासून. तेच सगळं इथे उतरवलंय.

बोलून झाल्यावर मी माझी ओळ पुसली आणि तुझी ठेवली. तुझीच चांगली होती, उगाच नाही. माझी पुसली तसा बदलातला माझा हात गेला आणि होकार-नकार पुन्हा माझ्यावर आला. मी हरकत काढली. होकार दिला. तर त्याखालची चौकट उघडली आणि तुझ्या नियमाने कारण विचारायला लागली. तू असताना हा शब्द मी तुला एकदाही ऐकवला नाही, तो तिथे लिहिला. पटलं.

आता तू बोल ना काहीतरी.